नाव रेल्वेचे, राज्य तेलाचे

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात माझा भाचा राहतो. तिकडची नमुना मतपत्रिका त्याने मला दाखवली, तेव्हा गव्हर्नरच्या पदाबरोबर आणखी एक पद पाहून मी बुचकळ्यात पडलो. ते पद होते 'रेलरोड कमिशनर'! रेल्वेचा अंमलदार मते मागून निवडून येतो? "आणि गंमत अशी मामा, की यांचा रेल्वेशी आता काडीचाही संबंध नाही," भाचा म्हणाला. मग मला स्वस्थ बसवेना. जी माहिती हाती आली, ती वाचकांपुढे ठेवतो.

मूळ दुखणे शेतकऱ्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथला कापूस बाजारात जाई तो रेल्वेने, आणि भाडे ठरवीत खाजगी कंपन्या. जिथे दुसरी कंपनी नाही, तिथे मागतील तो दर. या कंपन्यांना वेसण घालण्याचे वचन देऊन जेम्स हॉग १८९० साली गव्हर्नरपदी निवडून आले. १८९१ मध्ये तीन सभासदांचे कमिशन नेमले गेले. त्याचे अध्यक्षपद स्वीकारण्यासाठी जॉन रेगन यांनी चक्क सिनेटची जागा सोडली! पुढे १८९४ मध्ये घटनादुरुस्ती होऊन या जागा साऱ्या राज्याच्या मतदानाने भरायचे ठरले. मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी एकाची निवडणूक.

तेल या कारभारात शिरले ते वाहतुकीच्या दाराने. १९१७ साली तेलाच्या नळवाहिन्या कमिशनकडे आल्या, १९१९ मध्ये विहिरीही आल्या. खरी कसोटी लागली ती १९३० च्या ऑक्टोबरात पूर्व टेक्सासमध्ये प्रचंड तेलसाठा सापडल्यावर. जो उपसेल त्याचे तेल, असा तिथला न्याय. मग काय, ज्याने त्याने विहिरी खणल्या. डॉलरच्या घरातला पिंपाचा भाव १९३१ साली दहा-पंधरा सेंटांवर कोसळला. गव्हर्नरने सैन्य धाडले, पण न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. अखेर कुठल्या विहिरीतून किती तेल काढायचे, हे कमिशनच ठरवू लागले. त्यानंतर कित्येक वर्षे जगाचा तेलबाजार या तिघांच्या हुकमाकडे डोळे लावून बसे. १९६० साली 'ओपेक' ही तेलउत्पादक देशांची संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या प्रवर्तकांपुढे हाच कित्ता होता. १९७२ च्या मार्चमध्ये कमिशनने विहिरींना पूर्ण उपशाची मोकळीक दिली. हाताशी राखीव तेल उरले नाही आणि बाजाराचा लगाम सुटला तो सुटलाच.

या इतिहासात एक काळाकुट्ट दिवस आहे. १८ मार्च १९३७ रोजी न्यू लंडन या गावच्या शाळेत स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जीव गेले. त्यात बहुतेक कोवळी मुले होती. शाळेच्या तळाशी गॅस साठला होता. पण नैसर्गिक गॅसला वास नसतो, मग कळणार कसे? त्याच वर्षी टेक्सासने गॅसला मुद्दाम उग्र वास देण्याचा कायदा केला आणि अंमलबजावणी सोपवली ती या रेल्वे-कमिशनकडे! आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरच्या गॅसलाही असाच वास मुद्दाम दिलेला असतो. तो आला की गृहिणी धावत जाऊन खिडक्या उघडते.

रेल्वेचे उरलेसुरले काम २००५ मध्ये दुसऱ्या खात्याकडे गेले. नाव बदलण्याच्या सूचना वारंवार आल्या आणि बारगळल्या. मला यात नुसती गंमत दिसत नाही. लोकांनी निवडलेला माणूस लोकांचे हित पाहील, या श्रद्धेने हे पद मतदारांच्या हाती दिले गेले. परंतु आपण कशासाठी मत देतो, हेच नावावरून कळत नसेल, तर मतदार जाब तरी कसला विचारणार? तेलकंपन्यांची गोष्ट वेगळी. या उमेदवारांच्या निवडणूक-निधीत तेलधंद्यातून मोठ्या देणग्या येतात. पद कशाचे आहे, हे त्यांना पक्के ठाऊक आहे!