घड्याळाच्या पोटातली साखळी

आपण आजीचं लुगडं, सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ जपून ठेवतो. इंग्लंडात काही लोक जुनी घड्याळं जमवतात. त्यातलं मानाचं एक म्हणजे ब्रॅकेट क्लॉक.

साधारण १६६० पासून लंडनमध्ये ही घड्याळं होऊ लागली. हातभर उंचीची लाकडी पेटी, पुढे काच, वर उचलायला कडी. कडी कशाला? तर घड्याळ महाग, उचलून या खोलीतून त्या खोलीत न्यायचं. तेव्हा काडेपेटीही नव्हती. मग अंधारात वेळ कशी कळणार? पुढे बऱ्याच घड्याळांना बाजूने दोरी आली. अंथरुणातून ओढली, की होऊन गेलेल्या तासाचे ठोके पुन्हा पडत.

हे घड्याळ स्प्रिंगवर चालतं. स्प्रिंगची खोड अशी, की चावी दिल्यावर जोर फार आणि मग कमी कमी होत जातो. म्हणून आत भोवऱ्यासारखा निमुळता पितळी तुकडा असतो, त्याला फ्युझी म्हणतात. त्यावर साखळी गुंडाळलेली असते. जोर जास्त असताना ती निमुळत्या टोकाला ओढते, ओसरला की रुंद बाजूला. रहाटाचा दांडा लांब असला की कमी जोर पुरतो ना, तसंच.

आधी साखळीच्या जागी आतड्याची तात असे. पुढे दक्षिण इंग्लंडातल्या क्राइस्टचर्चमध्ये १७९० साली रॉबर्ट कॉक्स यांनी अशा साखळ्यांचं काम सुरू केलं. जास्त खप खिशातल्या घड्याळांसाठी. कड्या इतक्या बारीक की जोडताना डोळे फुटायची वेळ. हे काम बायका आणि मुली करत, काही तर निराधारांच्या कामघरातल्या. डायलवर नाव मात्र घड्याळजीचं. थॉमस टॉम्पियनचं नाव असलं तर आज कोट्यवधी रुपये मोजतात. साखळीवाल्या बाईचं नाव कुठेच नाही. मला हे खटकतं.

मुरलेला गिऱ्हाईक नावावर भुलत नाही, मागचं दार उघडतो. तिथल्या पितळी पत्र्यावर सुंदर वेलबुट्टी कोरलेली असते. पण तो बघतो वेगळंच: मूळचं ‘व्हर्ज’ यंत्र शाबूत आहे का? एकोणिसाव्या शतकात पुष्कळांचं बदललं गेलं, आणि तिथे किंमत उतरते. पेटी एका घड्याळाची, यंत्र दुसऱ्याचं, असंही निघतं. पत्र्यात विनाकारण रिकामी भोकं दिसली की तो विचारतो, इथे आधी काय होतं?