टपालाद्वारे थेट ग्राहक : शेतकरी गटांसाठी विक्रीचा एक दुर्लक्षित मार्ग

प्रक्रिया केलेल्या शेतमालाला नवा ग्राहक मिळविणे ही शेतकरी उत्पादक कंपन्या व स्वयंसहायता गटांपुढील मोठी अडचण आहे. हळद दळली, डाळ भरडली, आकर्षक पाकिटात भरली. पुढे विक्रीचे काय, या प्रश्नाचे उत्तर बहुधा प्रदर्शनातील चार दिवसांच्या दालनापुरते मर्यादित राहते. मोबाइलवरील जाहिराती क्षणात नजरेआड होतात. याउलट, नावानिशी आलेले पत्र घरात उघडले जाते आणि काही दिवस तरी टेबलावर राहते. देशभर दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालये असून त्यांपैकी बहुसंख्य ग्रामीण भागात आहेत. त्यामुळे पत्र पाठविणे आणि मागणी आल्यावर माल रवाना करणे, ही दोन्ही कामे गावातूनच होऊ शकतात.

कोणता माल योग्य?

हळद, डाळी, गूळ, बेदाणा, सुवासिक तांदूळ असा टिकाऊ, वजनाच्या मानाने मूल्य असलेला आणि वाहतुकीत न बिघडणारा माल या पद्धतीस अनुकूल आहे. स्पीड पोस्टने ३५ किलोपर्यंतचे पार्सल पाठविता येते. ताजी फळे व भाजीपाला मात्र या मार्गाने पाठविण्याचा मोह टाळावा.

पत्ते कोठून मिळवावेत?

पत्राचे यश मजकुराइतकेच पत्त्यांच्या निवडीवर अवलंबून असते. पहिली यादी पूर्वी माल नेलेल्या ग्राहकांची, दुसरी त्यांनी सुचविलेल्या नातेवाइकांची व स्नेह्यांची आणि तिसरी प्रदर्शनात स्वखुशीने पत्ता लिहून दिलेल्यांची असावी. शहरातील गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांना लिहिलेले एक पत्र अनेक कुटुंबांपर्यंत पोहोचू शकते. शिवाय मागणी एकत्र आल्यास वाहतुकीचा खर्चही घटतो.

पत्त्यांची विभागणी पिन क्रमांकानुसार करावी. १५ ऑगस्ट १९७२ पासून वापरात आलेल्या या सहा अंकी क्रमांकातील पहिले तीन अंक टपालाचा वर्गवारी जिल्हा दर्शवितात, तर शेवटचे तीन वितरण करणारे टपाल कार्यालय. ४११ म्हणजे पुणे, ४५२ म्हणजे इंदूर, ३९० म्हणजे वडोदरा. इंदूर व वडोदरा येथे मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे; तेथे मराठी पत्राला आपुलकीने प्रतिसाद मिळण्याची शक्यता अधिक. इतर कुटुंबांना त्यांच्या भाषेत लिहावे. पत्त्यांशिवाय ठरावीक वस्तीत पत्रके वाटण्यासाठी टपाल खात्याची ‘डायरेक्ट पोस्ट’ सेवा आहे. तिचे दर व अटी जवळच्या मुख्य टपाल कार्यालयात विचाराव्यात.

पत्र केव्हा आणि कसे?

महाराष्ट्रातील अनेक घरांत मसाले, हळद, डाळी यांची वर्षाची बेगमी उन्हाळ्यात, पावसापूर्वी होते. नवी हळदही शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन याच सुमारास तयार असते. म्हणून पत्र मार्चअखेर घरी पोहोचले पाहिजे. जूनमध्ये पोहोचलेले उत्तम पत्रही वाया जाते.

पत्र एका पानाचे असावे. आरंभी मालाचे वर्णन, मग भाव, शेवटी मागणी नोंदविण्याची रीत. उदाहरणार्थ : “ही हळद आमच्या गटातील शेतकऱ्यांनी यंदा पिकविली आहे. कंद शिजवून उन्हात वाळविले असून दळण गावातच केले आहे. सोबत चिमूटभर नमुना आहे. घरातील हळदीशी रंग व वास ताडून पाहावा. पसंत पडली तरच मागणी कळवावी.” ‘सर्वोत्तम’ आणि ‘अद्वितीय’ या विशेषणांपेक्षा असा नमुना अधिक बोलतो.

उत्तर देणे जितके सोपे, तितकी मागणी अधिक. पत्रासोबत पत्ता छापलेले मागणीपत्र, दूरध्वनी क्रमांक आणि पैसे भरण्यासाठी क्यूआर संकेत द्यावा. टपाल खात्याच्या ‘बिझनेस रिप्लाय’ परवान्यात ग्राहकाला तिकीट लावावे लागत नाही. परत आलेल्या उत्तरांपुरतेच शुल्क गटाला भरावे लागते.

हिशेब आधी मांडा

समजा, छपाई, पाकीट, नमुना व टपाल मिळून एका पत्रास १२ रुपये पडले आणि ५०० पत्रे पाठविली. खर्च ६,००० रुपये. शंभरातील दोघांनी मागणी केली, तर १० ग्राहक मिळाले. म्हणजे एका नव्या ग्राहकाची किंमत ६०० रुपये. केवळ हळदीच्या मागणीत सर्व खर्च वजा जाता १२० रुपये उरत असतील, तर तो खर्च वसूल होण्यास पाच मागण्या लागतील. वर्षातून एकदाच हळद घेणाऱ्याच्या बाबतीत याचा अर्थ पाच वर्षे!

त्याच पत्रात डाळ व गूळ यांची जोड देऊन शिल्लक ३०० रुपयांवर नेली, तर दोन मागण्यांत खर्च निघतो. शिवाय, जुन्या ग्राहकांनी सुचविलेल्या पत्त्यांवरून शंभरी आठ मागण्या आल्या, तर ग्राहकाची किंमत १५० रुपयांवर येते आणि पहिल्याच मागणीत पैसे सुटतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या मालाचे आकडे घालून प्रत्येक गटाने हा हिशेब छपाईपूर्वी करावा. एकच माल आणि अनोळखी पत्ते ही जोडी बहुधा तोट्याची ठरते.

म्हणून आरंभी १०० पत्रेच पाठवावीत. दोन प्रकारच्या याद्या निवडून मागणीपत्रावर ‘अ’ व ‘ब’ अशी खूण छापावी आणि कोणत्या खुणेची किती मागणीपत्रे परत आली, ते वहीत नोंदवावे. ज्या यादीने प्रतिसाद दिला, तीच पुढे वाढवावी.

जबाबदारीचे भान

पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि प्रक्रियायुक्त अन्नासाठी आवश्यक तो अन्न सुरक्षा नोंदणी वा परवाना क्रमांक असावा. वायगाव हळदीसारख्या भौगोलिक मानांकनाचे बोधचिन्ह नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यांनीच छापावे. प्रमाणपत्राविना ‘सेंद्रिय’ म्हणू नये आणि रोग बरा करण्याचा दावा तर मुळीच करू नये. संगणकात साठविलेल्या पत्त्यांना डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ लागू होतो. पत्ते संमतीने घ्यावेत आणि ‘पत्र नको’ म्हणणाऱ्याचे नाव तत्काळ वगळावे.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

कृषी विज्ञान केंद्रे व आत्मा यंत्रणेतील कार्यकर्त्यांनी गटांना पॅकिंगच्या प्रशिक्षणासोबतच ग्राहक-नोंदवही ठेवण्याची सवय लावावी. नाव, पिन क्रमांक, मागणीची तारीख, माल आणि रक्कम असे पाच रकाने पुरेसे आहेत. पुढील हंगामापूर्वी याच नोंदवहीतील कुटुंबांना पहिले पत्र जावे. एकदा विकत घेणाऱ्याला पुन्हा विकणे हे नवा ग्राहक शोधण्यापेक्षा स्वस्त पडते, आणि बाजारभाव कोसळलेल्या वर्षी हीच वही गटाच्या कामी येते.