म्हैस वांझ नव्हे, हंगाम चुकला!

उन्हाळा लागला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे एक तक्रार हमखास ऐकू येते, "म्हैस माजावरच येत नाही, ठेवून काय करता?" आणि चांगली म्हैस मिळेल त्या भावात बाजारात जाते. शेतकरी बंधूंनो, घाई करू नका.

म्हशीच्या मेंदूत पिनियल नावाची लहानशी ग्रंथी असते. अंधार पडला की ती मेलाटोनिन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात सोडते. रात्र मोठी, तर ते जास्त वेळ स्रवते. त्या इशाऱ्यावर बीजांडकोषाला चालना देणारी संप्रेरके वाढतात व म्हैस माजावर येते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरमध्ये अकरा तासांचा. म्हणून म्हशीचा मुख्य हंगाम पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. काळी कातडी, घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून माज दबतो. आला तरी मुका.

आता हिशेब करा. भाद्रपदात व्यालेली म्हैस कार्तिकात तपासून भरवली, तर १० महिने १० दिवसांनी पुन्हा पावसाळ्याच्या शेवटी, हिरव्या चाऱ्यात विते. संक्रांत हुकली तर बहुधा पुढच्या पोळ्यापर्यंत थांबावे लागते. तेवढा भाकडकाळ वाढतो, वैरण मात्र रोजच लागते.

मग करावे काय?

* पहाटे व रात्री गोठ्यात चक्कर मारा. काचेसारखी चिकट तार, वारंवार लघवी, रेकणे, दूध कमी होणे ही माजाची लक्षणे होत.
* सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करा. २१ दिवसांनी पुन्हा लक्ष ठेवा.
* नुसत्या धानाच्या तणसीवर भागत नाही, तिच्यात स्फुरद कमी. कोंडा व रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या.
* उन्हाळ्यात सावली व बोडीत डुंबणे चुकवू नका.

"एक सुई मारून द्या" असा आग्रह धरू नका. माजासाठी देतात त्यातले प्रोस्टाग्लँडिन गाभण जनावराला दिले तर गर्भपात होतो. आधी तपासणी, मगच सुई.

सरपंच व ग्रामसेवकांना विनंती, वंध्यत्व तपासणी शिबिर मे महिन्यात नको. पोळा झाल्याबरोबर पशुवैद्यकीय दवाखान्याकडे मागणी करा. तेव्हाच त्याचा खरा उपयोग.