काकडी ते ओझर : दोन विमानतळांमधील अंतर व शेतमालाचा वेळ

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांत, कोपरगांव तालुक्यांतील काकडी येथील विमानतळाचें उद्घाटन 1 ऑक्टोबर 2017 रोजीं राष्ट्रपति रामनाथ कोविंद यांचे हस्तें झालें. शिर्डीस येणाऱ्या भाविकांची सोय हा त्याचा मुख्य हेतु. परंतु हा मुलूख राहात्याच्या पेरूचा व संगमनेरच्या डाळिंबाचा असल्यामुळें, विमान दाराशीं आलें, आतां माल थेट परमुलखीं जाईल, असें मानणारे बागायतदार पुष्कळ भेटतात.

निफाड तालुक्यांतील ओझरचा विमानतळ येथून सर्वांत जवळचा. नकाशावर पट्टी ठेविली तर दोहोंमधील सरळ अंतर सुमारें 68 किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशोबानें 42 मैल भरतें. छत्रपति संभाजीनगरचें चिकलठाणें 108 व पुण्याचें लोहगांव 131 किलोमीटरांवर आहे. पण पेरूच्या पेट्या कांहीं पट्टीवरून जात नाहींत. वावी, सिन्नर व नाशिक या वाटेनें ओझर गाठावयाचें तर शंभरीच्या आसपास किलोमीटर होतात, आणि नाशिकच्या द्वारका चौकांत गाडी अडकली कीं सारा हिशोब फसतो. भरलेल्या गाडीस अडीच तास धरावे. सकाळच्या गर्दींत तीन. समृद्धि महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा भाग 26 मे 2023 रोजीं खुला झाला खरा, पण तो इगतपुरीकडे जातो. ओझरला जाणाऱ्यास सिन्नरजवळ तो सोडावाच लागतो, व पुढील नाशिकची गर्दी होती तशीच राहते.

मग काकडी सोडून ओझरला जावेंच कशाला? कारण असें कीं, ओझरची धांवपट्टी विमानांच्या कारखान्याची, 3000 मीटर लांबीची आहे. काकडीची 2500 मीटर आहे. शिवाय हिंदुस्थान एरोनॉटिक्स व कंटेनर कॉर्पोरेशन यांनीं मिळून ओझरास निर्यातीच्या मालासाठीं स्वतंत्र संकुल उभारिलें आहे. 2018 सालीं तेथून बकऱ्या-मेंढ्या विमानानें शारजास गेल्या, ही गोष्ट आपल्या धनगर बांधवांनीं कानाआड करूं नये.

काकडीस रात्रीं विमान उतरविण्याची परवानगी 2023 सालीं मिळाली. तोंपर्यंत सारा व्यवहार दिवसाउजेडींच होता. त्यांतच 2019 च्या नोव्हेंबरांत, दूरचें नीट दिसेनासें झाल्यामुळें, कित्येक दिवस उड्डाणें बंद राहिलीं. प्रवासी अशा वेळीं मोटारीनें जातो. तोडलेलें फूल मात्र वाट पाहत नाहीं.

म्हणून अंतर मोजावयाचें तें तोडणीपासून. पहाटे पेरू तोडला, सावलींत निवडून पेट्या भरल्या, यांत तीन तास गेले, रस्त्यास तीन, विमानतळावर वजन, तपासणी व कागदपत्रें यांस आणखी कांहीं तास. परदेशीं जाणाऱ्या मालास रोगकिडींविषयींचा सरकारी दाखला लागतो, तो आधीं हातांत नसेल तर पुढें सर्व खोळंबतें. विमान हवेंत जितका वेळ राहतें त्याहून माल जमिनीवर अधिक वेळ काढतो, आणि फळ बिघडतें तें येथेंच, उन्हांत उभ्या राहिलेल्या गाडींत.

ज्यांस हा प्रयोग करून पाहावयाचा आहे त्यांनीं प्रथम रिकामी गाडी एकदां पहाटे व एकदां दुपारीं ओझरपर्यंत न्यावी व घड्याळ पाहून वेळ टिपून ठेवावा. गाडी ठरविण्यापूर्वीं माल घेणाऱ्या अडत्यास दोन गोष्टी विचाराव्या : पेट्या कोणत्या तासापर्यंत घेतल्या जातात, आणि विमान चुकल्यास त्या थंड जागीं ठेवण्याचा खर्च कोणाच्या माथीं.