अरब लोकउठाव आणि लोकशाहीची प्रतिष्ठापना

राज्यकर्ता पदच्युत होणे आणि लोकशाही प्रस्थापित होणे या दोन भिन्न घटना होत. २०११ च्या १४ जानेवारीस ट्युनिशियाचे अध्यक्ष बेन अली देश सोडून गेले व ११ फेब्रुवारीस इजिप्तचे मुबारक पायउतार झाले. उठाव सारखे, परिणाम मात्र निराळे. इजिप्तमध्ये सत्तेची सूत्रे थेट लष्कराकडे गेली आणि निर्वाचित अध्यक्ष मोर्सी यांस ३ जुलै २०१३ रोजी लष्करानेच दूर केले. ट्युनिशियाचे सैन्य लहान व राजकारणापासून बव्हंशी अलिप्त होते. शिवाय १९४६ मध्ये स्थापन झालेली तेथील मध्यवर्ती कामगार संघटना विरोधी पक्षांना वाटाघाटीस बसविण्याइतकी समर्थ होती. २०१३ च्या पेचप्रसंगात तिने अन्य तीन संस्थांसह मध्यस्थी केली आणि २०१४ ची राज्यघटना सिद्ध झाली.

तथापि त्या घटनेने योजिलेले घटना-न्यायालय कधीच अस्तित्वात आले नाही. २५ जुलै २०२१ रोजी अध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली, तेव्हा त्या कृतीची वैधता तपासणारे पीठच नव्हते. आर्थिक विपन्नतेने त्रासलेल्या अनेक नागरिकांनी तर तिचे स्वागत केले. तात्पर्य, संघटित समाज तडजोड घडवू शकतो. ती टिकविण्यास स्वतंत्र न्यायसंस्था आणि लोकांचा विश्वास ही दोन्ही आवश्यक ठरतात.