कागदावरची चिमणी उडते तेव्हा
सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी पळतो. मी मात्र कागदावर हातानं काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये एकेक चित्र दोन चौकटी धरतो. 12 चित्रांत भागतं, निम्मी मेहनत वाचते. खरा जीव खातं ते स्कॅनिंग. कागद केसभर सरकला, की पडद्यावर चिमणी उडायच्या ऐवजी थरथरते. म्हणून स्कॅनरच्या काचेच्या कडेला पेगबार, म्हणजे खुंट्यांची पट्टी, चिकटवायची आणि प्रत्येक कागदाची भोकं त्याच खुंट्यांत बसवायची. स्कॅनरचं ऑटो-करेक्शन आधी बंद करा. नाहीतर कागदाचा पांढरेपणा दर चित्राला बदलतो नि व्हिडिओ लुकलुकतो. फायलींची नावं 0001, 0002 अशीच. नुसतं 1, 2 दिलं, तर काही सॉफ्टवेअर 10 ला 2 च्या आधी बसवतात! मग फुकट मिळणाऱ्या ब्लेंडर सॉफ्टवेअरमध्ये सगळी चित्रं एकदम घ्यायची, वेग सेकंदाला 12 चौकटी ठेवायचा आणि रेंडर करून व्हिडिओ काढायचा.