थंडींतील प्रवास आणि गाडींतील पाणी

अहिल्यानगर म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्यांतील माणसाला थंडी ठाऊक आहे, पण नळ फोडणारी थंडी ठाऊक नाहीं. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच, १६४६ मीटरांचें कळसूबाईचें शिखर आपल्याच अकोले तालुक्याच्या सीमेवर आहे. तरीहि पौषांत आपल्या रांजणांवर बर्फ धरत नाहीं. लेह मात्र सुमारें ३५०० मीटर उंचीवर. तेथें ऑक्टोबर सरतांना रात्रीचा पारा शून्याखालीं जाऊं लागतो. निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेली कॅम्पर व्हॅन घेऊन कोणी नगरकर तिकडे निघाला, तर त्यानें इंजिनाइतकीच काळजी पाण्याच्या नळ्यांची घ्यावी.

पाणी थंड होतांना ४ अंश सेंटिग्रेडपर्यंतच आकसतें. पुढें तें फुगूं लागतें, आणि गोठतांना त्याचें आकारमान सुमारें अकराव्या हिश्श्यानें वाढतें. पेल्यांत बर्फ तरंगतो तो यामुळेंच. पण नळी केवळ बर्फाच्या रेट्यानें फुटते असें समजूं नये. नळींत प्रथम एके ठिकाणीं बर्फाचा दट्ट्या बनतो. तो वाढत जातो, आणि त्याच्या व बंद तोटीच्या मध्यें कोंडलेल्या पाण्याला वाट उरत नाहीं. दाब बेसुमार चढतो व नळी दुबळ्या जागीं तडकते. ती जागा बर्फापासून हातभर दूरहि असूं शकते. गळती दिसते ती बर्फ वितळल्यावर, बहुधा दुसऱ्या दिवशींच्या उन्हांत.

थंड देशांतील घरांत तोटी थेंबथेंब वाहती ठेवतात. गाडींत तसें केल्यास सकाळपर्यंत टांकीच रिती व्हायची! नळ्यांभोंवतीं गुंडाळलेलें कापड उष्णता जाण्यास उशीर लावतें, उष्णता निर्माण करीत नाहीं. तेव्हां रात्रीपूर्वीं नळ्या रिकाम्या करणें हाच भरंवशाचा उपाय. प्रथम गीझर बंद करून पाणी निवूं द्यावें. चालू गीझर कोरडा पडला तर आंतील तार जळते. मग टांकीचें खालचें बूच काढावें, गरम-थंड सर्व तोट्या उघडाव्या, फवाऱ्याची नळी खालीं सोडावी आणि पंप क्षणभर चालवून त्यांतील पाणी बाहेर टाकूं द्यावें. गाळणीचें भांडें उतरवून कोरडें करावें. नेमकें हेंच विसरलें जातें. तोट्या रात्रभर उघड्याच असाव्या. पिण्याचें पाणी कांठोकांठ न भरलेल्या कॅनमध्यें, निजण्याच्या जागेजवळ ठेवावें.

इंजिनाच्या रेडिएटरमध्यें घालतात तें कूलंट टांकींत ओतलें तर काय बिघडलें, असें कोणाच्या मनांत येईल. कृपा करून तसें मुळींच करूं नये. त्यांत बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतें. तें चवीला गोड आणि विषारी आहे. मूत्रपिंडें निकामी करून मोठ्या माणसाचाहि प्राण घेऊं शकतें, मग मुलांची कथा काय? मोरीखालच्या वांकड्या नळींत पाणी राहतेंच. तेथें प्रोपिलीन ग्लायकॉलचें, पाण्याच्या नळ्यांकरितांच बनविलेलें द्रावण ओतावें. मिठाचें पाणी स्वस्त खरें, पण तें धातूचे सांधे खातें.

इतकें करूनहि नळी गोठलीच, तर तिच्याजवळ पेटती ज्योत नेऊं नये. पंप बंद व तोटी उघडी ठेवून, कोमट पाण्यांत भिजविलेलीं फडकीं तोटीच्या बाजूनें गुंडाळीत मागें जावें. नळी मोकळी झाल्यावर टांकी थोडीशी भरावी, पंप लावावा आणि प्रत्येक सांध्यावर कोरडा हात फिरवून पाहावा.